वऱ्हाडचा कापूस आणि लोहमार्ग: नकाशा-प्रकल्पाच्या नोंदी

८ जून २०२४

आमच्या तालुक्याच्या वाचनालयाच्या अभ्यासिकेत लावण्यासाठी वऱ्हाडातील लोहमार्गांचा एक मोठा भिंतीवरचा नकाशा आणि त्यासोबत आठ माहितीफलक तयार करायचे, असे आजच्या बैठकीत ठरले. फेब्रुवारीत वर्धा-कळंब मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हापासून यवतमाळकडच्या प्रत्येक चहाच्या टपरीवर शकुंतला एक्स्प्रेसच्या, म्हणजे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणाऱ्या, आता बंद पडलेल्या अरुंद रुळांच्या गाडीच्या आठवणी निघत आहेत. त्या आठवणी निव्वळ हळहळीत विरून जाऊ नयेत, त्यांना तारखांचा आणि नकाशाचा आधार मिळावा, एवढाच या कामाचा हेतू आहे. काम करणारे आम्ही तिघे आहोत: मी, भूगोल शिकवणारे एक निवृत्त सर आणि आरेखन जाणणारी त्यांची भाची.

पहिलाच प्रश्न नकाशाच्या सीमेचा निघाला. वऱ्हाड हे नाव फार जुने आहे, पण ज्या वऱ्हाडात रेल्वे आली तो प्रशासकीय प्रदेश वसाहतीच्या काळात आणि वसाहतीच्या गरजेपोटी आखला गेला. हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून १८५३च्या तहाने हा मुलूख निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली घेण्यात आला. १८६०मध्ये त्या तहात फेरबदल झाले आणि १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात तो कायमच्या पट्ट्याने इंग्रज सरकारकडे गेला. पुढच्याच वर्षी तो मध्य प्रांताला जोडण्यात आला. म्हणजे कागदावर सार्वभौम निजाम, कारभार इंग्रजांचा आणि माल मुंबईचा, अशी या प्रदेशाची तिहेरी ओढाताण होती. नकाशावर १८६०नंतरची हद्द ठळक रेषेने आणि आजच्या जिल्ह्यांच्या हद्दी फिकट रेषेने दाखवायच्या, असे ठरले.

१५ जून २०२४

मुख्य मार्गाच्या तारखा एकत्र मांडल्या. वर्षे जवळजवळ ठेवून पाहिली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल डलहौसीने हिंदुस्थानातील लोहमार्गांविषयीचे आपले प्रसिद्ध टिपण लिहिले आणि विलायतेला हवा असलेला कापूस बंदरापर्यंत पोहोचवण्याचा मुद्दा त्यात ठामपणे मांडला. वऱ्हाडचा तह त्याच वर्षीच्या मे महिन्यातला आहे आणि तो करवून घेणाराही डलहौसीच होता. या तीन गोष्टींमागे एकच आदेश होता असे मी म्हणत नाही. पण ज्या माणसाच्या मेजावर हे तिन्ही कागद दीड महिन्याच्या आत येऊन गेले, त्याच्या मनात ते वेगवेगळे राहिले असतील, हे मला पटत नाही.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ही कंपनी १८४९ची. तिच्या उभारणीसाठी झटणारा जॉन चॅपमन सुरुवातीपासून खानदेश-वऱ्हाडच्या कापसाकडे बोट दाखवत होता. भागधारकांना सरकारने पाच टक्के परताव्याची हमी दिली होती आणि गाडीला तोटा झाला तर तो हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघत होता. तिजोरीत पैसा शेतसाऱ्याचा होता, म्हणून फलकावर हे वाक्य मोठ्या अक्षरात घ्यावे, असे मी सुचवले आहे.

भुसावळपासून पूर्वेकडे रूळ पुढे सरकत गेले आणि १८६७च्या फेब्रुवारीत नागपूरला पोहोचले. मुंबई ते नागपूर हे अंतर ५२० मैलांचे आहे.

२३ जून २०२४

रेल्वेच्या आधीच्या वाहतुकीवर फलक हवा, असा सरांचा आग्रह होता आणि तो योग्यच होता. त्याशिवाय रूळ आल्याने नेमके काय बदलले, ते कळत नाही.

अमरावतीचा कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून सुमारे ५०० मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. बंजाऱ्यांचे तांडे हे काम करत. पुढे मुंबईचा रस्ता सुधारला तेव्हा बंड्यांच्या रांगा पश्चिमेकडे वळल्या. रेल्वे सुरू झाल्यावरही काही वर्षे मधला दुवा तुटकाच होता. १८६१मध्ये खालच्या बाजूने रूळ कसाऱ्यापर्यंत आले होते आणि वरच्या बाजूला इगतपुरीपासून नाशिककडे गाडी सुरू झाली होती, पण दोघांमध्ये थळघाट उभा होता. तो घाट १ जानेवारी १८६५ला खुला झाला. तोपर्यंत वरून आलेला माल इगतपुरीला वाघिणीतून, म्हणजे मालडब्यातून, उतरवून बंडीत भरायचा, बंडीने घाट उतरायचा आणि कसाऱ्याला पुन्हा वाघिणीत चढवायचा, अशी दुहेरी हमाली होती. पावसात भिजलेला आणि वाटेत माती बसलेला कापूस मुंबईच्या व्यापाऱ्याने कमी भावाने घेतला तर त्याची झळ शेवटी शेतकऱ्यालाच बसे.

या काळाचा दुर्दैवी योगायोग असा की अमेरिकेतील यादवी युद्धाने कापसाचा भाव आकाशाला नेला तो १८६१ ते १८६५ या वर्षांत, आणि नागपूरपर्यंतचा रूळ पूर्ण झाला तो भाव कोसळल्यानंतर दोन वर्षांनी. तेजीतला वऱ्हाडचा बराचसा कापूस बैलांनीच मुंबईकडे नेला. सर्वसाधारण समज याच्या उलट आहे, म्हणून फलकावर दोन्ही कालरेषा एकाखाली एक दाखवणार आहोत.

४ जुलै २०२४

आज पहिला कच्चा नकाशा तयार झाला आणि त्यातली माझी एक चूक सरांनी दाखवली. मुख्य मार्ग काढताना मी तो खामगाव आणि अमरावतीवरून नेला होता, कारण एवढी मोठी बाजारपेठ मुख्य मार्गावर नसेल, असे माझ्या मनात आलेच नाही. प्रत्यक्षात मुख्य मार्ग यातल्या एकाही गावाला शिवत नाही. तो मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव, वर्धा असा जातो.

चूक दुरुस्त केली आणि नकाशाकडे पुन्हा बघत बसलो, तेव्हा या प्रकल्पाचा कणा सापडला असे वाटले. उत्तरेला गाविलगडचे डोंगर आणि दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगा, यांच्यामधल्या पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून, म्हणजे पयनघाटातून, अभियंत्यांनी मार्ग काढला. चढ कमी, पूल मोजके, खर्च आटोक्यात आणि लक्ष्य नागपूर. वाटेतल्या बाजारपेठांसाठी मार्ग वाकवणे त्यांना परवडणारे नव्हते. कापसाच्या मोठ्या बाजारांपैकी अकोला तेवढे रुळावर आले. खामगाव आठ मैलांवर राहिले, अमरावती सहा मैलांवर राहिली, कारंजा, यवतमाळ आणि वऱ्हाडची जुनी राजधानी अचलपूर तर कितीतरी दूर. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत वऱ्हाडात जे फाटे निघाले ते सगळे या सुटलेल्या गावांकडे मागे वळून गेलेले आहेत. मुख्य मार्ग मुंबईच्या गरजेने सरळ गेला, आणि नंतर बाजारांनी एकेक करून रूळ आपल्याकडे ओढून घेतला. नकाशात मुख्य मार्ग एका रंगात आणि हे सर्व फाटे दुसऱ्या रंगात दाखवले, तर ही गोष्ट न वाचताही समजेल.

याचे एक चिन्ह आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. अमरावती जिल्ह्यात दोन चांदूर आहेत. एक चांदूर बाजार आणि दुसरे चांदूर रेल्वे. एका गावाची ओळख आठवडी बाजाराने ठरली आणि दुसऱ्याची स्थानकाने. तसेच धामणगाव रेल्वे. तहसील कचेरीच्या पाटीवर, शाळेच्या दाखल्यावर, बसच्या फलकावर हे ‘रेल्वे’ आडनावासारखे लागलेले आहे. यवतमाळला रूळ येईपर्यंत त्या गावाचे खरे स्थानक धामणगावच होते. सुमारे ४५ किलोमीटर बंडी हाकत माल तिथे न्यावा लागे आणि उलट दिशेने सरकारी टपाल, मीठ, कापड यवतमाळला येई.

१३ जुलै २०२४

जलंब ते खामगाव असा प्रवास केला. पंधरा मिनिटांच्या आसपासचा प्रवास, पण हा फाटा या सगळ्या प्रकल्पात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जलंबला मुख्य मार्गाची लांब गाडी आपल्याला उतरवून निघून जाते आणि बाजूच्या फलाटावर छोटी गाडी उभी असते. रूळ एक मोठे वळण घेऊन दक्षिणेकडे वळतो. दोन्ही बाजूंना हातभर वाढलेली कपाशी, मधूनमधून तुरीच्या ओळी. गाव जवळ येते तशी जुन्या जिनिंगची लांबट, उतरत्या पत्र्यांची छपरे दिसू लागतात. त्यातली काही आता गोदामे आहेत, काही ओस पडली आहेत.

१८७०मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो हे खामगावला आले आणि त्यांच्या हस्ते हा फाटा खुला झाला. एवढ्या लहानशा मार्गासाठी व्हाइसरॉय स्वतः येतो, यावरून त्या वेळी खामगावच्या कापूस बाजाराचे काय वजन होते ते समजते. त्या आधीच्या वर्षी सुएझचा कालवा वाहतुकीला खुला झाला होता. त्यामुळे मुंबईहून युरोपचा समुद्रप्रवास खूपच आखूड झाला आणि इंग्लंडमधील गिरण्यांच्या लँकेशायरला न आवडणाऱ्या आखूड धाग्याच्या वऱ्हाडी कापसाला युरोपातील इतर देशांतले गिऱ्हाईक मिळू लागले. फोल्कार्टसारख्या परदेशी पेढ्यांचे दलाल खामगावला येऊन राहू लागले ते याच सुमारास. फाटा सरकारी खर्चाने बांधला गेला आणि चालवायला त्याच जुन्या कंपनीकडे दिला गेला. अमरावतीचा बडनेऱ्याहून निघणारा फाटाही याच रीतीने आणि याच काळात झाला.

मेयोच्या कारकिर्दीतच सरकारी मार्गांसाठी मीटरगेजचा, म्हणजे रुळांमध्ये एक मीटर अंतर ठेवण्याचा, निर्णय झाला, तरी हे दोन्ही फाटे रुंद मापाचे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरचेच राहिले. आठ मैलांसाठी माप बदलले असते तर प्रत्येक गाठ जलंबच्या धक्क्यावर एका वाघिणीतून दुसरीत उचलावी लागली असती आणि फाट्याचा सगळा फायदा हमालीत गेला असता.

गाठीविषयी फलकावर सविस्तर लिहायला हवे. शेतातून येतो तो सरकीसकट कापूस. जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते आणि रुई उरते. ही रुई सैल बोजात भरली तर वाघीण आकाराने भरते पण वजनाने अर्धीमुर्धीच राहते, आणि भाडे मात्र वाघिणीचे द्यावे लागते. म्हणून वाफेवर चालणारे प्रेस जिथे रूळ आहे तिथे उभे राहिले, किंवा असेही म्हणता येईल की जिथे प्रेस उभे राहायला तयार होते तिथे रूळ नेला गेला. प्रेसमधून निघणारी लोखंडी पट्ट्यांनी आवळलेली गाठ ३९२ पौंडांची, म्हणजे सुमारे १७८ किलोची. तिच्यावर आपण उभे राहिलो तर पाय आत जात नाही, इतकी ती घट्ट असते. मी आज एका चालू प्रेसच्या आवारात परवानगी घेऊन गाठीवर तळहात दाबून पाहिला. फक्त कापडाच्या आवरणावरची धूळ हाताला लागली.

बाहेर आलो तेव्हा आवारात दोन ट्रक भरत होते. या गाठी आता रस्त्याने जातात. खामगाव-जालना मार्गाची मागणी कित्येक वर्षांची आहे आणि तो झाला तर हा फाटा पहिल्यांदाच पुढे जाणारा मार्ग होईल.

२७ जुलै २०२४

लहान नोंद. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडकडच्या कापसाला ‘ऊमरा’ म्हणत. हा उमरावतीचा, म्हणजे अमरावतीचा अपभ्रंश. पुढे खामगाव, अकोला, कारंजा येथून गेलेला मालही त्याच नावाखाली विकला जाई. हिंगणघाटचा कापूस मात्र स्वतःच्या नावाने आणि वरच्या भावाने ओळखला जाई. कापसाची प्रत राखण्यासाठी हॅरी रिव्हेट-कार्नॅक या अधिकाऱ्याची कापूस आयुक्त म्हणून नेमणूक झाली होती. एखाद्या गावाचे नाव मोडक्या उच्चारात का होईना सातासमुद्रापार रोज फळ्यावर लिहिले जात होते, आणि त्या गावातल्या कपाशी वेचणाऱ्या बाईला त्याचा पत्ता नव्हता, ही गोष्ट मनातून जात नाही. अमरावतीच्या फलकाचे शीर्षक ‘ऊमरा’ असेच ठेवावे.

११ ऑगस्ट २०२४

मूर्तिजापूर. शकुंतलेसाठी वेगळा दिवस राखून ठेवला होता आणि तो पुरला नाही.

स्थानकाच्या एका बाजूने मुंबई-नागपूरच्या विजेच्या गाड्या धडधडत जातात आणि दुसऱ्या बाजूला अरुंद रुळांचे यार्ड शांत पडले आहे. स्लीपरांच्या मधून बाभळी आणि रानतुळस इतकी वाढली आहे की रूळ पायाने चाचपून शोधावा लागतो. सोबत नेलेल्या टेपने दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर मोजले: ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. त्याच टेपने फलाटाच्या फरशीवर मुख्य मार्गाचे १,६७६ मिलिमीटर खडूने आखून त्यात हे अरुंद माप बसवून पाहिले. निम्म्याहूनही कमी भरते. हीच आकृती त्याच प्रमाणात फलकाच्या खालच्या कडेवर काढायची, असे तिथेच ठरवले. मुलांनी दोन्ही मापांत पाय ठेवून उभे राहावे, म्हणजे एक वेगळा हिशेब त्यांच्या लक्षात येईल.

हा मार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीचा. मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीने ती १९१०मध्ये उभी केली. मूर्तिजापूरहून उत्तरेला अचलपूरपर्यंत ७६ किलोमीटर आणि दक्षिणेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळपर्यंत ११३ किलोमीटर, असे दोन हात १९१०च्या दशकात पूर्ण झाले. त्याच दशकात पुलगाव ते आर्वी हा ३५ किलोमीटरचा तिसरा तुकडाही झाला. दारव्ह्याहून पुसदकडेही एक फाटा गेला होता, तो पुढे उखडला गेला. गाड्या चालवण्याचे काम मुख्य मार्गाच्या कंपनीकडे आणि मालकी या कंपनीकडे, असा करार होता.

इथे ४ जुलैच्या नोंदीतला मुद्दा पुन्हा येतो. १८७०च्या सुमारास खामगाव आणि अमरावती यांना सरकारने रुंद रूळ दिला, पण अचलपूर, कारंजा आणि यवतमाळ यांना चाळीस वर्षे थांबावे लागले आणि मिळाला तोही अरुंद. अंतरे मोठी होती, मालाची वाहतूक हंगामी होती, आणि खासगी भांडवलाला थोडक्या खर्चात मार्ग हवा होता. त्यामुळे मूर्तिजापूरच्या धक्क्यावर प्रत्येक गाठ दोनदा उचलली गेली. जलंबला जे टाळले होते तेच इथे पत्करले गेले. शकुंतला प्रेमाने आठवणाऱ्या सगळ्यांनी ही बाजूही लक्षात घ्यावी, असे मला वाटते. ट्रक आल्यावर कापूस या मार्गाकडून इतक्या झटपट का निघून गेला, त्याचे एक मोठे कारण या धक्क्यावरच्या दुहेरी हमालीत आहे.

दुपारी या मार्गावर नोकरी करून निवृत्त झालेल्या एका काकांकडे गेलो. त्यांनी ओसरीवर बसवून घेतले, काकूंनी चहा आणि चिवडा दिला. गाडीवर मोजकीच माणसे असायची आणि बहुतेक स्थानकांवर कुणीही कर्मचारी नसायचा. काका म्हणाले, “फाटक लावाले मीच उतरो, तिकिटं मीच देओ, अन् झेंडी बी मीच दाखवो.” अचलपूरचे ७६ किलोमीटर जायला चार तास लागत. शेतावरून घरी जाणारी बाई हात दाखवायची तेव्हा चालक गाडी मंद करायचा, हे सांगताना त्यांनी स्वतःचा हात तसाच उंच करून दाखवला आणि थोडा वेळ तो तसाच ठेवला.

वाफेच्या इंजिनाविषयी ते फार जिव्हाळ्याने बोलले. १९२१मध्ये मँचेस्टरला बांधलेले झेडडी जातीचे इंजिन या मार्गावर सत्तर वर्षांच्या आसपास चालले आणि १५ एप्रिल १९९४ला त्याच्या जागी डिझेल इंजिन आले. ज्या शहराला एकेकाळी हिंदुस्थानचा कापूस हवा होता त्याच शहरातून तो ओढणारे यंत्र आले होते. “कोळसा टाकणाऱ्याच्या अंगाले त्याची सवय लागे,” असे काका म्हणाले. डिझेल आल्यावर पहिले काही दिवस थंडीत हात शेकायला जागाच उरली नाही, हेही त्यांनीच सांगितले.

प्रवाशांचे काय, असे विचारल्यावर ते म्हणाले की कापूस गेला तरी माणसे राहिली. कारंजाला गुरुमंदिरात जाणारे, मूर्तिजापूरला गाडगेबाबांच्या संस्थेत येणारे, बाजाराला कोंबड्या आणि भाजी घेऊन निघालेले. बसच्या तुलनेत तिकीट इतके कमी होते की मजुराला परवडणारी हीच एक गाडी होती. नंतर २०१०च्या दशकात दोन्ही हातांवरच्या गाड्या थांबल्या.

२५ ऑगस्ट २०२४

शकुंतलेवरच्या फलकाचा मसुदा वाचून एका सदस्याने सुचवले की ‘आजही इंग्रजांच्या मालकीची रेल्वे’ हे वाक्य वर मोठ्या अक्षरात घ्यावे, कारण लोक ते ऐकून थबकतात. मी नकार दिला आणि बैठकीत बरीच चर्चा झाली. स्वातंत्र्यानंतर देशातले बहुतेक मार्ग सरकारच्या ताब्यात गेले तेव्हा हा मार्ग खासगी कंपनीच्या मालकीत राहिला आणि रेल्वे त्या कंपनीला कराराप्रमाणे पैसे देत राहिली, हे खरे आहे. पण किलिक निक्सन ही पेढी पुढे भारतीयांच्या हाती आली. मालकी खासगी राहिली म्हणून ती विलायती ठरत नाही. आपल्या लाडक्या गाडीची खरी व्यथा ही आहे की तिच्यावर पैसा घालणे ना मालकाच्या हिताचे होते ना चालवणाऱ्याच्या. दोघांच्या मध्ये रूळ झिजत गेला. फलकावर हेच जाईल. वाक्य कमी चटकदार आहे, याची मला कल्पना आहे, परंतु वाचनालयाच्या भिंतीवर ते पुष्कळ वर्षे राहणार आहे.

८ सप्टेंबर २०२४

नकाशाच्या खालच्या भागात, म्हणजे वाशीम आणि त्याच्या दक्षिणेला, रिकामी जागा फार दिसते, अशी तक्रार आरेखन करणाऱ्या भाचीने केली. ती जागा रिकामीच ठेवायची, असे मी सांगितले.

वऱ्हाडवर कागदोपत्री सार्वभौमत्व निजामाचे होते. १९३६च्या करारानंतर निजामाच्या किताबात ‘हैदराबाद आणि वऱ्हाड’ असा उल्लेख आला आणि युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. पण युवराजाला आपल्या किताबातल्या प्रांताला गाडीने सरळ येता आले नसते. निजामाचा मीटरगेज रूळ १९१२मध्ये पूर्ण्याहून हिंगोलीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. हिंगोलीपासून अकोल्याचे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर. मध्ये अजिंठ्याच्या डोंगररांगांचा चढ होता हे खरे, पण थळघाटात १:३७ चा चढ चढवणाऱ्या युगाला तो अशक्य नव्हता. तिकडे जाणारा माल नव्हता, कारण सगळा माल मुंबईकडे वळवला गेला होता. हा तुकडा स्वातंत्र्यानंतर, १९६०च्या सुमारास जोडला गेला आणि त्याचे रुंदीकरण होऊन अकोला-पूर्णा ब्रॉडगेज २००८मध्ये सुरू झाली. वाशीमच्या मुलाला नांदेडला किंवा हैदराबादला थेट गाडीने जाता येऊ लागले ते इतक्या उशिरा. नकाशातली ती पांढरी जागा १९४७पर्यंतची आहे, एवढी तळटीप तिथे पुरेल.

२२ सप्टेंबर २०२४

दुष्काळाचा फलक आज लिहून झाला. चार मसुदे फाडले.

वऱ्हाड हा पाऊसपाण्याने सुरक्षित प्रांत समजला जात असे. रेल्वेनंतर कपाशीखालची जमीन वाढत गेली, गुरांच्या चराईची राने आखडत गेली आणि खाण्याचे धान्य अधिकाधिक बाहेरून येऊ लागले. १८९६-९७ला पहिला मोठा फटका बसला आणि १८९९-१९००मध्ये पावसाने पूर्ण दगा दिला. या वेळी रूळ होते, गाड्या धान्य घेऊन आल्या, मालधक्क्यावर पोती उतरली. पण शेतमजुराचे पोट निंदण-वेचणीच्या मजुरीवर होते आणि शेतात पीकच नसल्यामुळे ती मजुरी बुडाली होती. समोरचे धान्य विकत घ्यायला त्याच्या हातात पैसा नव्हता. रेल्वेमुळे धान्याचा तुटवडा भरून निघतो, हा सरकारचा युक्तिवाद धान्यापुरता खरा ठरला आणि माणसापुरता खोटा. त्या वर्षी वऱ्हाडात माणसे फार मोठ्या संख्येने गेली.

या फलकावर चित्र नको, असे तिघांचेही मत पडले. फक्त मजकूर आणि खाली रिकामी कड.

६ ऑक्टोबर २०२४

शेवटची तपासणी. वर्ध्याहून दक्षिणेला गेलेल्या फाट्यावर थोडे काम राहिले होते, ते आज केले. तो मध्य प्रांतातला आहे, वऱ्हाडातला नाही, तरी शेजारी ठेवून पाहायला हवा. हिंगणघाटचा कापूस आणि वरोऱ्याचा कोळसा यांसाठी तो १८७०च्या दशकात सरकारने बांधला. वरोऱ्याची खाण १९०६मध्ये बंद पडली, पण रूळ बल्लारशाहपर्यंत वाढला आणि १९२९मध्ये काझीपेटच्या बाजूने येऊन मिळाला. दिल्ली-मद्रास हा महामार्ग त्यावरून जाऊ लागला. अमरावतीचा फाटा मात्र पुष्कळ काळ स्थानकाच्या भिंतीपाशी संपत राहिला. अलीकडे नरखेडकडे मार्ग निघाला तेव्हा त्यासाठी गावाबाहेर नवे स्थानक बांधावे लागले आणि जुने अमरावती स्थानक अजून शेवटचेच स्थानक आहे.

रंग ठरले. मुख्य मार्ग काळा, रुंद फाटे तांबडे, अरुंद फाटे पिवळे, स्वातंत्र्यानंतरचे मार्ग हिरवे. शकुंतलेचा पिवळा रंग तुटक करावा की अखंड, यावर बराच वेळ गेला. गाडी बंद आहे म्हणून तुटक, असे सरांचे म्हणणे होते. मूर्तिजापूरच्या यार्डात मी रूळ हाताने मोजला आहे, तो जागेवर आहे, म्हणून अखंड, असे माझे. अखेर रेषा अखंड ठेवली आणि तिच्या कडेने लहान अक्षरांत ‘रूळ आहे, गाडी नाही’ असे लिहिले. वर्धा-कळंबचा हिरवा तुकडा यवतमाळच्या अलीकडे थांबतो. तिथे पुढच्या रेषेसाठी बोटभर जागा कोरी सोडली आहे. छपाई मंगळवारी.